ब्रिस्टलमधील व्हिक्टोरियन घराच्या सॅश खिडक्या : दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात?

ओसरी (मूळ लेखन)

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही ब्रिस्टलमध्ये १८९०च्या दशकातले, एकाला एक लागून बांधलेल्या ओळीतले घर विकत घेतले. घराला नऊ सॅश खिडक्या आहेत. त्यांपैकी तीन दर्शनी बे-खिडकीत, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या खिडक्यांच्या खणात, बाथच्या पिवळसर दगडाच्या चौकटीत बसवलेल्या आहेत. ज्यांनी अशी खिडकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, की हिच्या झडपा आपल्याकडच्यासारख्या बिजागरीवर फिरत नाहीत. एक वरची आणि एक खालची अशा दोन झडपा उभ्या सरकतात आणि चौकटीच्या पोकळ बाजूंमध्ये दोरीला टांगलेली लोखंडी वजने त्यांचा भार कप्पीवरून तोलून धरतात.

सध्याची स्थिती अशी आहे. चार खिडक्या रंगाच्या थरांनी इतक्या चिकटल्या आहेत की त्या हलतच नाहीत. बे-खिडकीतली मधली खालची झडप वर केली की हात सोडताच धाडकन खाली येते. दोन ठिकाणी झडपेच्या तळाचे लाकूड नखाने दाबले तरी आत जाते. हिवाळ्यात तर पडदे आपोआप हलतात, इतका वारा आत येतो. खिडक्या बदलून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने पाच मिनिटांत सगळ्या खिडक्या कुजल्याचे सांगून नऊही ठिकाणी यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या बसवण्याचा सल्ला दिला. मला मात्र या खिडक्यांची जुनी, किंचित लहरी काच आणि तिच्यातून दिसणारे समोरचे झाड फार आवडते, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, हेही सांगून ठेवते.

पटाशी

ओसरी, घाई करू नका. माझे वडील सांगलीकडे सुतारकाम करत असत आणि मी स्वतः गेली अठरा वर्षे लंडन परिसरात याच खिडक्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की संपूर्ण कुजलेली सॅश खिडकी मला फार क्वचित भेटली आहे. कुजतो तो बहुधा खालचा सहा-आठ इंचांचा भाग, म्हणजे खालच्या झडपेचा तळपट्टा, त्याचे दोन्ही कोपऱ्यांतले सांधे, चौकटीची बाहेरची तळपट्टी आणि तिला टेकलेली उभ्या फळ्यांची टोके. त्यावरचे लाकूड बहुतेक वेळा उत्तम असते. त्या काळी बाल्टिक आणि स्कँडिनेव्हियाकडून येणारे पाइन थंड प्रदेशात सावकाश वाढलेले, दाट रेषांचे असे. आज लाकडाच्या दुकानात मिळणारे झटपट वाढलेले पाइन त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून चांगल्या मापाचे जुने लाकूड कचऱ्याच्या पेटीत पडलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

रंधा हातात घेण्यापूर्वी पाणी कुठून आले ते शोधा. पावसाच्या दिवशी खिडकीपाशी उभे राहून पाहिलेत तर निम्मे निदान तिथेच होईल. बाहेरच्या तळपट्टीला पुढच्या बाजूला उतार असतो आणि तिच्या पोटाखाली लांबलचक खोबण असते. ओघळत आलेले पाणी या खोबणीपाशी येऊन टपकावे आणि भिंतीकडे परत जाऊ नये, यासाठी ती असते. शंभर वर्षांत कुणीतरी ती खोबण रंगाने किंवा सिलिकॉनने बुजवलेली असते आणि मग पाणी आत वळून लाकडाच्या टोकांत मुरते. काचेच्या कडेची लांबी, म्हणजे काच पक्की करणारा पुटीचा लेप, तडकली असेल तर त्या फटीतून उतरणारे पाणी थेट तळपट्ट्याच्या सांध्यात जाऊन बसते. ही वाट बंद केल्याशिवाय नवे लाकूड जोडलेत, तर दहा वर्षांत तेच काम पुन्हा करावे लागेल.

नऊही खिडक्या एका बोथट, अरुंद स्क्रू-ड्रायव्हरने तळापासून वरपर्यंत टोचून पाहा आणि मऊ लागेल तिथे खडूने खूण करा. त्यानंतर त्या कंपनीच्या माणसाचे म्हणणे कितपत खरे होते ते तुम्हालाच दिसेल. पहिली खिडकी मात्र मागच्या बाजूची, कमी महत्त्वाची निवडा, बे-खिडकी नको.

निरंजनी

पटाशी यांनी सांगितलेल्या तपासणीआधी एक गोष्ट सांगणे मला अत्यावश्यक वाटते, कारण घरात दोन वर्षांचे मूल आहे. मी इथल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. एवढ्या जुन्या घरातल्या लाकडावर, निदान खालच्या थरांत, शिसे असलेला रंग आहे असेच धरून चालावे. ब्रिटनमध्ये अशा रंगाच्या सर्वसाधारण विक्रीवर १९९२मध्ये बंदी आली, आणि त्याआधीच्या अनेक दशकांचे थर तुमच्या खिडक्यांवर एकावर एक चढलेले असणार. तो रंग अखंड आणि घट्ट असेपर्यंत फारसा धोका नसतो. मात्र कोरडा पॉलिश पेपर किंवा घासण्याचे यंत्र चालवले की त्याची बारीक धूळ घरभर पसरते, जमिनीवर रांगणाऱ्या आणि हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात जाते, आणि त्याच्या वाढत्या मेंदूला होणारी हानी नंतर भरून काढता येत नाही.

म्हणून घासायचे ते ओले करूनच. उघडी ज्योत अजिबात वापरू नये, कारण अति उष्णतेने शिशाची वाफ होते. बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क लावावा, सूक्ष्म धूळ धरणाराच व्हॅक्यूम वापरावा, त्या खोलीत मुलाला काम पूर्ण होऊन ओल्या फडक्याने सगळे पुसून होईपर्यंत येऊ देऊ नये आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही या कामापासून दूर राहावे. हे सांगताना घाबरवण्याचा हेतू नाही. नीट काळजी घेऊन हे काम असंख्य लोक करतात.

हवामान

मी इमारतींच्या ऊर्जावापराच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. जुन्या लाकडाबद्दलचा जिव्हाळा मला समजतो, पण एकेरी काच ही उष्णतेच्या दृष्टीने घराच्या भिंतीतले भोकच असते. दर हिवाळ्यात गॅस जाळून आपण बाहेरची हवा तापवत राहायचे, हे पर्यावरणाला आणि खिशालाही न परवडणारे आहे. यूपीव्हीसी नको असेल तर निदान दुहेरी काचेच्या नव्या लाकडी सॅश खिडक्यांचा विचार व्हावा. कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, नियमही आधी तपासा. घर सूचीबद्ध, म्हणजे कायद्याने संरक्षित वारसा-वास्तू असेल तर परवानगीशिवाय खिडकी बदलता येत नाही, आणि संवर्धन क्षेत्रात असून तिथे आर्टिकल ४चा आदेश, म्हणजे एरवी विनापरवाना चालणाऱ्या बदलांची मुभा काढून घेणारा आदेश, लागू असेल तर साध्या घरालाही परवानगी लागते.

एडिंबराकर

हवामान यांचा मुद्दा रास्त आहे, पण उत्तर एवढे सरळ नाही. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या संस्थेसाठी नेमक्या याच विषयावर मोजमापे केली आणि २००८मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुन्या सॅश खिडकीच्या आतल्या बाजूने सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे दुसरी स्वतंत्र काच बसवली, तर काचेतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटते असे त्यात आढळले. खिडकीला आतून लावायची जुन्या पद्धतीची लाकडी दारे रात्री बंद केली तर ती ५१ टक्क्यांनी घटते, आणि नुसत्या जाड पडद्याने १४ टक्क्यांनी. मूळ खिडकीला हातही न लावता दुहेरी काचेच्या तोडीचा परिणाम मिळतो. शिवाय वाऱ्याच्या फटींसाठी झडपा जागेवर धरणाऱ्या आतल्या आणि मधल्या पट्टीत ब्रशची बारीक झालर बसवता येते, ती दिसतही नाही.

एक सावधगिरी घ्यावी लागते. आतली दुसरी काच घट्ट बसवावी, पण बाहेरची जुनी झडप किंचित श्वास घेईल अशी राहू द्यावी. दोन्ही हवाबंद केल्या तर मधल्या जागेत दमट हवा कोंडते आणि थंडीत काचेवर पाणी धरते.

मी एडिंबराच्या न्यू टाउनमध्ये राहतो. इथल्या जुन्या खिडक्यांना खालची झडप आतल्या बाजूला दारासारखी उघडता येईल अशी खास बिजागरी असते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची काचही आतून पुसता येते. इंग्लंडमध्ये ती सोय सहसा दिसत नाही. आतली लाकडी दारे मात्र दोन्हीकडे असत, आणि दिवसा ती खिडकीच्या बाजूच्या खणात घडी करून ठेवत. ओसरी, तुमच्या बे-खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लाकडी तक्तपोशीचे उभे खण आहेत का, आणि बोटांनी ठोकल्यावर ते पोकळ वाजतात का, ते जरूर पाहा.

हवामान

ही मोजमापे मी पाहिली आहेत आणि ती मान्य आहेत. माझी शंका एवढीच, की लोक आतली दारे रोज रात्री न चुकता लावतील का. सेकंडरी ग्लेझिंगला मात्र माझी हरकत नाही. हा मार्ग ओसरी यांना परवडत असेल तर मीही त्यालाच दुजोरा देईन.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आधी मुलाच्या दृष्टीने सगळी व्यवस्था केली. काम चालू असलेल्या खोलीचे दार टेपने बंद केले, मास्क आणले आणि घासण्याचे सगळे काम ओलेच केले. तपासणीत नऊपैकी पाच खिडक्यांत कुठेही मऊ लाकूड सापडले नाही. तीन खिडक्यांत फक्त तळपट्ट्याचा कोपरा गेला आहे, आणि एकीची बाहेरची तळपट्टी पूर्ण गेली आहे. तिच्या पोटाखालची खोबण खरोखरच सिलिकॉनने भरलेली होती!

एडिंबराकर, तुमचे विशेष आभार. बे-खिडकीच्या बाजूचे खण पोकळ वाजले. रंगाच्या रेषेवर धारदार सुरी फिरवून ते उघडले, तेव्हा आत घडी घातलेली लाकडी दारे मिळाली, पितळी मूठ आणि आडव्या लोखंडी पट्टीसह. ती हाती आल्यावर मी बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिले.

आता पहिली खिडकी उघडायची आहे, मागच्या न्हाणीघराची. पटाशी, कृपया पायरीपायरीने सांगाल का?

पटाशी

ही खिडकी बनवणाऱ्यांनी ती पुन्हा उघडता यावी अशाच हिशोबाने बनवली आहे, हे मनात पक्के ठेवा, म्हणजे भीती वाटणार नाही.

आतल्या बाजूने सुरुवात करा. चौकट आणि आतली पट्टी यांच्या मधल्या रंगावर सुरी फिरवा आणि पट्टी टोकाशी न उचकटता मध्यापासून रुंद पटाशीने हळूहळू उचला. पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि टोके आपोआप सुटतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या निघाल्या की खालची झडप आत ओढता येते. दोरी कापण्यापूर्वी ती एका हाताने पकडून तिला गाठ मारा, नाहीतर वजन पोकळीत दाणकन आदळते. त्यानंतर दोन झडपांच्या मधली बारीक पट्टी काढायची. ती खोबणीत नुसती दाबून बसवलेली असते आणि काढताना बहुतेक वेळा मोडते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, ती स्वस्तात नवी मिळते आणि नव्या पट्टीतच ब्रशची झालर बसवून मिळते. मग वरची झडप काढा.

चौकटीच्या उभ्या फळीत खालच्या बाजूला एक लहान झाकण असते. त्याला आम्ही खिसा म्हणतो. रंगाखाली ते दिसत नाही, पण बोट फिरवले की रेषा जाणवते. ते काढून वजने बाहेर घ्या आणि प्रत्येक वजनावर डावे-उजवे, वरच्या झडपेचे की खालच्या, अशी खूण लगेच करा. आत दोन वजनांच्या मध्ये एक पातळ फळी लोंबत असेल. दोन वजने एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती असते, तेव्हा ती कचरा समजून फेकू नका. बऱ्याच घरांत ती फेकलेली मला आढळली आहे.

नवी दोरी मेण लावलेल्या सुती धाग्याची घ्या आणि तिला कधीही रंग लावू नका, कारण रंगाने ती कडक होऊन तुटते. दोरी कप्पीवरून खाली सोडण्यासाठी सुतळीच्या टोकाला वाकवलेला खिळा बांधून आधी तो सोडा आणि त्यामागून दोरी ओढून घ्या. दोरी किती लांब ठेवायची याचा हिशेब असा, की खालची झडप पूर्ण बंद असताना तिचे वजन कप्पीच्या थोडे खाली राहिले पाहिजे आणि झडप पूर्ण वर गेल्यावर ते पोकळीच्या तळाला टेकता कामा नये. झडपेच्या कडेच्या खोबणीत दोरी ठोकताना खिळे खालच्या बाजूला मारा. वरच्या टोकाजवळ मारले तर झडप पूर्ण उघडण्याआधीच ते कप्पीला अडतात.

कोपऱ्याच्या दुरुस्तीबद्दल सांगायचे, तर कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडावा. लहान खड्ड्यांसाठी इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारे भरण, चालते, मात्र लाकडातला ओलावा साधारण १८ टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय ते भरू नका. ओल्या लाकडावर भरलेले इपॉक्सी बाहेरून दगडासारखे दिसते आणि त्याच्या पाठीमागे कुजणे चालूच राहते.

काच शक्यतो हलवू नका. सुटलेली लांबी तेवढीच काढा, खाच प्रायमरने झाका, म्हणजे कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकणार नाही, आणि मग खडूची पूड व अळशीच्या तेलाची लांबी भरा. तिच्यावर साय धरायला एक ते दोन आठवडे लागतात, थंडीत अधिक. रंग देताना ब्रश काचेवर दोन मिलिमीटर येऊ द्या. त्या बारीक रेषेनेच पाणी अडते.

देवराई

मी पुण्यात वास्तुसंवर्धनाचे काम करते. एक प्रश्न पडला. पुण्यातले जुने वाडे पाडले जातात तेव्हा उत्तम सागवानी तुळया आणि चौकटी विकायला येतात, आणि आम्ही इथल्या दुरुस्तीत तेच लाकूड वापरतो. इंग्लंडमध्येही जुनी सागवानी लाकडे मिळत असतील, तर कुजलेल्या तळपट्टीसाठी तसा तुकडा वापरता येईल का?

पटाशी

येईल. जुन्या प्रयोगशाळांची टेबले किंवा जहाजांचे सामान यांतून इथे सागवान मिळते, आणि काही चांगल्या घरांत तळपट्टी मुळातच सागवानी किंवा ओकची असते. फक्त सागवानाच्या अंगात तेल असते, त्यामुळे सांध्याचा पृष्ठभाग ताजा रंधून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवावा लागतो. झडपेच्या पाइनला मात्र सागाचा तुकडा जोडू नये. दोन लाकडे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आटतात, त्यामुळे जोड लवकर उघडतो.

ओसरी

दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. मागच्या बाजूच्या चार खिडक्या पूर्ण झाल्या. न्हाणीघराची खिडकी आता एका बोटाने वर जाते. वरची झडप थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की गरम दमट हवा वरून बाहेर पडते आणि खालून थंड हवा येते. या खिडकीचे हे मूळ कौशल्य मी पहिल्यांदाच अनुभवले. तळपट्टी ओकची करून घेतली. ती मात्र एका स्थानिक सुताराकडून, कारण दगडाच्या चौकटीतून जुनी काढणे माझ्या आवाक्यातले नव्हते.

आता बे-खिडकीतल्या त्या खाली आपटणाऱ्या झडपेचे कोडे उरले आहे. दोऱ्या तुटल्या असतील असे मला वाटत होते, पण उघडल्यावर दोन्ही शाबूत निघाल्या. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मोजले, तेव्हा झडप साडेचौदा किलो भरली आणि दोन्ही वजने प्रत्येकी पावणेपाच किलो. काच सहा मिलिमीटर जाड आणि सपाट आहे, म्हणजे ती नंतर कुणीतरी बदललेली दिसते. काचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.६ चौरस मीटर आहे. वरच्या झडपेची काच जुनी, लहरी आणि तीन मिलिमीटरची आहे. खालीही पुन्हा पातळ काच बसवावी का?

पटाशी

कोडे तुम्हीच सोडवले आहे. काचेचे वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. तुमच्या मापाची तीन मिलिमीटरची काच साडेचार किलोची होती आणि सहा मिलिमीटरची नऊ किलोची. ज्याने काच बदलली त्याने झडपेवर साडेचार किलो वाढवले, पण वजने तीच ठेवली. मूळ झडप दहा किलोची धरली तर तिच्या निम्मे पाच, त्यातून पाव किलो वजा केले की बरोबर तुमचे पावणेपाच येतात. खालच्या झडपेची वजने तिच्या निम्म्याहून किंचित हलकी ठेवतात, म्हणजे ती खाली घट्ट बसते. वरच्या झडपेची किंचित जड ठेवतात, म्हणजे ती वर टिकते.

काच परत पातळ करू नका. बे-खिडकीची खालची कड जमिनीपासून फार उंच नसते, आणि घरात लहान मूल असताना तिथे जाड काच असलेली बरी. ती सुरक्षा काच आहे का, हे कोपऱ्यात छापलेल्या खुणेवरून तेवढे पाहून घ्या. खूण नसेल तर त्याच जाडीची सुरक्षा काच बसवून घ्या, आणि वजने बदला. साडेचौदाचे निम्मे सव्वासात, त्यातून पाव किलो वजा करून प्रत्येकी सात किलोची वजने लागतील. लोखंडात ती घेतलीत तर खिशातून आत जाणार नाहीत इतकी लांब होतील. शिसे मात्र ओतीव लोखंडाच्या सुमारे दीडपट जड असते, त्यामुळे सात किलोचे शिशाचे वजन तुमच्या जुन्या पावणेपाच किलोच्या लोखंडी वजनापेक्षाही किंचित लहानच भरेल. मागवताना जुन्या वजनाची लांबी आणि जाडी मोजून द्या, हातमोजे घालून ते बसवा, निरंजनी यांनी शिशाबाबत सांगितलेली काळजी इथेही घ्या आणि नंतर हात धुवा.

ओसरी

जुन्या वजनाची लांबी आणि जाडी आजच मोजून घेतली आणि तशी मागणी नोंदवली. काचेच्या डाव्या कोपऱ्यात, रंगाखाली झाकलेली, सुरक्षा काचेची खूणही सापडली.